पोकळ खांब

आनंदाने लाकूड तासायच्या वाकसाची उलटी बाजू आधी आपल्याच खांबावर ठोकली. आवाज पोकळ आला. खांब आतून वाळवीने पोखरला होता.

त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केलेल्या माणसाला लाकडाची एक टकटक पुरते. भोवती जमलेल्यांना त्यातलं काही कळत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. मग त्याने शेजारी आडव्या पडलेल्या गुणाजीच्या खांबावर ठोकलं. आवाज टणक आला, भरीव. सागवान कापलं त्या दिवशी होतं तसंच होतं.

"बोला आनंदाकाका, कुठचा ठेवायचा?" फुटबॉल मंडळाचा सेक्रेटरी सदू उतावीळ झाला होता.

ठेवायचा होता एकच. यंदा, सत्त्याऐंशी साली, तालुक्याच्या स्पर्धा पहिल्यांदाच या खाडीकाठच्या मैदानावर व्हायच्या होत्या, म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी पाइपचे नवे गोल उभे राहिले होते. जुन्या चार लाकडी खांबांपैकी दोन बुडाशी कुजून मोडले. उरलेल्या दोहोंतला जो धड असेल तो मैदानाच्या तोंडाशी झेंड्यासाठी रोवायचा आणि त्यावर देणाऱ्याचं नाव कोरायचं, असं ठरलं होतं. धड कोणता ते आनंदाने सांगायचं. तसं सुचवलं होतं खुद्द गुणाजीने. "लाकडातला त्यालाच कळता," तो म्हणाला होता.

मैदान झालं त्याला अठरा वर्षं झाली. मुंबईला गिरणीत कामाला असलेल्या पोरांनी मे महिन्यात चेंडू आणला, गावाने कातळावर तांबडी माती ओढली, आणि गोलाला खांब हवेत म्हटल्यावर गुणाजी उठला. त्याच्या होडीला नुकतंच इंजिन बसलं होतं. शिडाची डोलकाठी नुसती पडून होती, ती त्याने मधोमध कापून दिली. गावभर वाहवा झाली. ती काही आनंदाला बघवली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेही आपली डोलकाठी कापून आणली. त्याच्या होडीला इंजिन नव्हतं. तो सबंध हंगाम त्याने वल्ही मारून काढला, तळहात सोलून निघाले, बायको काशी महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. आणि एवढं करून लोकांनी नावं काय ठेवली? खाडीकडचा तो 'गुणाजीचा गोल'. आनंदाचा तो नुसता 'वरचा गोल'. पोरं खेळताना ओरडायची, "गुणाजीच्या गोलात मार!" की आनंदाचा जळफळाट व्हायचा. घरातली अडगळ देणाऱ्याचं नाव झालं आणि चालती होडी लंगडी करणाऱ्याचं कोणी काढलंसुद्धा नाही.

"गुणाजीचा पोकळ हाय," आनंदा म्हणाला. "माजा ठेवा."

सदूने लगेच पोरांना खड्डा खणायला पिटाळलं. आनंदाने चोरून गुणाजीकडे पाहिलं. तो भांडेल असं त्याला वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं, आनंदाने उत्तरं तयार ठेवली होती. गुणाजी आपल्या खांबाजवळ उकिडवा बसला, लाकडावरून हात फिरवला, बोटाच्या पेराने एकदा टकटक केली आणि उठला.

"बरा झाला. मंग माजा मी घरी नेतो."

"दोन पोरं देतो काका बरोबर," सदू म्हणाला.

"पोरां कशाला? पोकळ खांब तो. दोगं म्हातारे बस झाले." गुणाजीने पुढचं टोक धरलं. "आनंदा, धर रं मागसून."

नाही म्हणायला तोंडच नव्हतं. आनंदाने टोक उचलून खांद्यावर घेतलं आणि त्याच्या गुडघ्यांत कळ गेली. तोंडातून निघालेला हुंकार त्याने तसाच गिळला. सगळे बघत होते. त्याने एक हात सोडून कमरेवर ठेवला, जसा माणूस हलकं ओझं नेताना ठेवतो.

मैदानाबाहेर भागूबाई मासळीची टोपली घेऊन येताना भेटली. "काय नेताय दोगं?"

"पोकळ खांब गो," गुणाजी म्हणाला आणि थांबला. थांबला तो थांबलाच. बांगडा गावला का विचारलं, मुंबईच्या सुनेची चौकशी केली, नातवाचं बारसं कधी ते विचारलं. खांब काही खाली ठेवला नाही. त्याचीही मान घामाने भिजली होती, पण त्याला घाई नव्हती. आनंदा मागे हसतमुख उभा होता. खांद्याचं कातडं सोलवटत होतं.

पुन्हा चालू लागले तेवढ्यात मागे मैदानावर टाळ्या झाल्या. आनंदाचा खांब उभा राहिला होता. अठरा वर्षं ज्याच्यासाठी जीव जळला ते एकदा डोळे भरून पाहावं म्हणून त्याने मान वळवायला घेतली. वजनाखाली मान वळेना.

"हलका हाय ना रं?" गुणाजीने पुढे बघतच विचारलं.

"हलका हाय," आनंदा म्हणाला.

पिंपळाशी वाट फुटत होती. गुणाजीचं घर डावीकडे, वीस पावलांवर दिसत होतं. गुणाजी उजवीकडे वळला, सगळ्या गावाला वळसा घालून येणाऱ्या लांबच्या वाटेला.