आदिनाथशेठ सगळ्यांचं ऐकतात

"घरचं रडगाणं घरी ठेवायचं," भागवत म्हणाला. "सीझनमधी सुट्टी न्हाई. तीन दिवस टेबल सोडलं, तर चवथ्या दिवशी तिथं दुसरी बाई उभी राहील. फाटकाशी रोज चारजणी वाट बघत बसत्यात. दिसत्यात ना?"

छबूबाईंच्या हातातला पेरू हातातच राहिला. राहात्याच्या या पॅकिंग शेडमध्ये त्या नऊ वर्षं पेरू निवडत होत्या. वजनकाट्याजवळची जागा त्यांची होती. तिथे क्रेट उचलावे लागत नाहीत. पाठीचं ऑपरेशन झालेला नवरा घरी पडून होता आणि घर त्या एका जागेवर चाललं होतं. लेक ज्ञानेश्वरी भंडारदऱ्याकडे दिलेली. तिचं पहिलंच बाळंतपण, बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. सासू नाही. आठ दिवस तरी जायलाच हवं होतं.

"मग मी शेठलाच सांगते."

"सांगा की. माझी कुठं ना हाय?"

एवढं बोलून सुपरवायझर भागवतने खिशातली डायरी काढली, दोन ओळी खरडल्या आणि तो पुढच्या टेबलाकडे डाफरायला निघून गेला.

"नाव लिवलं बघ मेल्यानं," शेजारची जहिरा पुटपुटली.

तीन वर्षांत या माणसाने शेडमधल्या कुणाला 'जेवलात का' म्हणून विचारलं नव्हतं. देवाने त्याला जीभ दिली ती फक्त दुसऱ्याच्या अंगावर सोडायला.

आणि आदिनाथशेठ बघा. सहा शेडं, दोनशेच्या वर माणसं; पण दर सोमवारी येणार, टेबलाटेबलाशी थांबणार. "सहादेव, गुडघा काय म्हणतो?" "जहिरा, रमीजचा आयटीआयला नंबर लागला का?" लेकाचं नाव शेठच्या तोंडून ऐकून जहिरा तर त्या दिवशी रडलीच होती. गेल्या वर्षी छबूबाईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाही भागवतने असंच झिडकारलं होतं. सोमवारी शेठ आपणहून म्हणाले, "छबूबाई, ऑपरेशन कधी आहे? जा तुम्ही. जागा कुठं जात नाही." आणि खरंच गेली नाही. मालक असावा तर असा.

फक्त हा भागवत तेवढा नकोसा. शेठच्या मागे अर्ध्या पावलावर चालायचा, तोंड त्यांच्या कानाशी.

"कान भरतोय," सहादेव म्हणायचा. "एक दिवस आपल्याला खाणार ह्यो."

या वेळी सगळ्यांनी मिळून ठरवलं. सोमवारी शेठची गाडी आत आली, तशी जहिराच पुढे झाली.

"शेठ, आज भागवतला लांब उभा करा. आमाला बोलायचंय."

भागवत नेहमीसारखा शेठकडे सरकला होता. शेठनी हात आडवा केला. "तू तिकडं थांब. आज मी यांचं ऐकणार."

ते पालथ्या क्रेटवर बसले आणि तासभर ऐकत राहिले. मधे एक शब्द बोलले नाहीत, मोबाईलही बंद ठेवला. सगळ्यांसमोर काढलेली अक्कल, पाच मिनिटं उशीर झाला म्हणून केलेला तमाशा, दुखण्याला दिलेलं 'नाटकं करू नका'. तीन वर्षांची मळमळ बाहेर पडली. त्यातलं खोटं काहीच नव्हतं.

"भागवत, तुला काही म्हणायचंय?"

"न्हाई."

"ज्याला माणसाची किंमत नाही, तो मला नको," शेठ उठत म्हणाले. "आजपासून तू येऊ नको."

शेडमध्ये टाळ्या पडल्या. भागवतने किल्ल्या काट्यावर ठेवल्या, मोटारसायकलला किक मारली. सहादेव त्याच्या वाटेवर थुंकला. छबूबाईंना तर गार गार वाटलं.

त्यांनी लगेच लेकीचं सांगितलं. शेठनी हात जोडले. "ताई, आधी लेक. बिनधास्त जा. जागा तुमचीच आहे, हा माझा शब्द."

नात झाली. दोघी सुखरूप. दहाव्या दिवशी छबूबाई पेढे घेऊन शेडमध्ये आल्या, तर काट्याजवळ कुणी वेगळीच बाई उभी.

नवा सुपरवायझर छगन फार गोड बोलला. "बसा मावशी, चहा घ्या. पण नियम तीन दिवसांचा हाय. तुमच्याबद्दल मला कुणी काहीच सांगितलेलं न्हाई."

"शेठनी शब्द दिलाय."

"मग सोमवारी शेठलाच भेटा ना."

सोमवार येईपर्यंत छबूबाई रोज येऊन फाटकाशी त्या चारजणींच्या रांगेत बसल्या. पाचवी म्हणून.

सोमवारी शेठ आले. "काय, बरं आहे ना सगळं?" त्यांनी जहिराला विचारलं. पुढच्या टेबलाला तेच विचारलं. सहादेव गुडघा चोळत तयार उभा होता. त्यालाही तेच विचारून ते पुढे गेले.

छबूबाईंनी त्यांना वाटेतच गाठलं.

"शेठ, आले मी. नात झाली मला. तुमच्या शब्दावर गेल्ते, आन हितं माझी जागा दुसरीला दिलीया. तुमीच सांगा आता ह्यांना."

शेठ थांबले. चेहऱ्यावर तेच मायेचं हसू. सवयीने त्यांची मान जराशी मागे कलली, कान तिकडे गेला आणि ते काही क्षण तसेच थांबले. मागे कुणीच नव्हतं.

"बोला ताई, अगदी निवांत बोला," ते म्हणाले. "मी सगळ्यांचं ऐकतो. फक्त आधी तुमचं नाव सांगा."