खुर्च्यांचा कौल

"ओवीच्या प्रयोगांचे आकडे किंचित वर आहेत," दिग्दर्शक गजेंद्र म्हणाला, "पण एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं यंत्र म्हणतंय. आज तिचा शेवटचा प्रयोग. तो झाला की ठरवू."

नाट्यगृहातल्या खुर्च्या प्रेक्षकांचे श्वास टिपायच्या आणि यंत्र त्यावरून सरस कोण ते सांगायचं. शालनताई आणि ओवी एकाच आईची भूमिका आलटूनपालटून करत होत्या. परदेश दौऱ्यावर मात्र एकीलाच जायचं होतं.

"म्हणजे आत्ता मी ताईंच्या बरोबरीची!" ओवी हरखून म्हणाली.

शालनताईंच्या अंगाची लाही लाही झाली. सारा जन्म रंगभूमीवर घालवला, आणि ही कालची पोर बरोबरीची?

संध्याकाळी त्या तिकीट काढून प्रेक्षकांत बसल्या. दगडासारखं बसायचं आणि निदान एका खुर्चीचा आकडा तरी खाली ओढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

रंगमंचावर आईला मुलगा गेल्याची बातमी आली. इथे शालनताई हंबरडा फोडत. ओवी हसली. आपल्या ऐकण्यात चूक झाली असेल, अशा वेड्या आशेनं हसली. शालनताईंचा श्वास अडकला. त्यांनी ओठ दाताखाली धरला, तरी हुंदका फुटलाच, आणि खुर्चीनं तो इमानेइतबारे टिपला.

"आता फरक खरा ठरला," प्रयोगानंतर गजेंद्र म्हणाला. "ओवी जाईल."

शालनताई रंगपटात गेल्या. ओवी चेहऱ्यावरचा रंग पुसत होती. अभिनंदनाचा शब्द काही केल्या त्यांच्या तोंडातून फुटेना.

"ते हसणं मला का नाही गं सुचलं?" एवढंच त्या म्हणाल्या.