कोरी पाठ

लाल ठिपका नखाने निघेना, तेव्हा हेरेइतीने तो शिंपल्याच्या धारेने खरवडला. चौथ्या गोगलगायीचीही पाठ कोरी झाली. चारही जणींना तिने आपल्या परसातल्या रानआल्याच्या पानाखाली चिकटवले.

कुंपणापलीकडचे परस धाकट्या जावेचे, मोएआताचे. मरताना सासूने अशाच गोगलगायींच्या शंखांची माळ तिलाच दिली होती. तेव्हा मोरेआ बेटावर या गोगलगायी झाडोझाडी होत्या. पुढे बाहेरून आणलेल्या मांसखाऊ गोगलगायीने त्या फस्त केल्या. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत वाचल्या तेवढ्याच. आता त्यांचा वंश परत आला होता, प्रत्येकीच्या पाठीवर खुणेचा लाल ठिपका घेऊन. आणि संशोधकांनी सोडल्या कुठे? मोएआताच्याच परसात! माळ तिला, आता गोगलगायीही तिलाच. "वरून कशी गरीब! गोगलगाय आणि पोटात पाय," हेरेइती पुटपुटायची.

चार कमी भरल्या तेव्हा मोएआता रडली.

"उंदरांनी नेल्या असतील गं," हेरेइती म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गोड लागले.

पावसाळा सरला. मोजणीसाठी पापेएते शहरातून पोएरावा आली. गोगलगायींवर संशोधन करणारी ती पोरगी मोजता मोजता कुंपण ओलांडून हेरेइतीच्या परसात शिरली आणि रानआल्याचे एक पान उलटताच ओरडली.

"पाठीवर ठिपका नाही! मावशी, या इथेच जन्मल्यात! रानातून नामशेष म्हणून नोंद झालीय यांची. आता सगळ्या जगाला तुमचं परस दाखवीन मी."

मोएआता कुंपणापाशी उभी होती. ती आत आली. गळ्यातली माळ काढून तिने मोठ्या जावेच्या गळ्यात घातली.

"ताई, ही तुम्हालाच शोभते."

उभा जन्म जिच्यासाठी जळण्यात गेला, ती माळ. हेरेइतीला तिचा भार सोसेना.

"चोरल्यात मी," ती म्हणाली. "हिच्या परसातून. ठिपके मीच खरवडले."

पोएरावाने हातातले पान सोडून दिले. तिचे डोळे भरून आले. हेरेइतीने माळ काढायला हात वर नेला.

"थांबा." मोएआता वाकली. चष्मा चढवून तिने तेच पान पुन्हा उलटले. देठाजवळ तांदळाच्या कणीएवढे काहीतरी हळूहळू सरकत होते. त्याला दोन शिंगे फुटली.

"मोठ्या चोरल्यात, कळलं. पण ताई, ही कुणाकडून चोरलीत?"