आईच्या अंगावरचं ऊन

ताईच्या फोटोंचं पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन, आणि सगळे फोटो आईच्या शेवटच्या वर्षाचे. "आईचं किती केलंस गं!" म्हणत लोक ताईचे हात हातात घेत होते. आईचं हागणंमुतणं मी काढलं. ताई फक्त रविवारी कॅमेरा घेऊन यायची. पण म्हटलं, आज मिठाचा खडा नको टाकायला.

शेवटच्या भिंतीवर तीन फोटो ओळीनं लावले होते. आई पलंगाशेजारी जमिनीवर पडलेली. मी औषधं आणायला गेले होते, तो रविवार. "मी आले तर आई पडलेली, लगेच तुला फोन केला," असं ताई तेव्हा म्हणाली होती. आईला एकटं सोडल्याचा बोल सगळ्यांनी मलाच लावला. मीसुद्धा.

पहिल्या फोटोत खिडकीतलं ऊन आईच्या पायांवर होतं, दुसऱ्यात पोटावर. तिसऱ्यात थेट डोळ्यांत, आणि हात कॅमेऱ्याकडे पुढे केलेला.

"कसे वाटले?" ताईनं मागून येऊन विचारलं.

"ताई, त्या खोलीत पायांवरचं ऊन डोळ्यांवर यायला तास लागतो. रोज पडदा मीच ओढायचे गं."