महिनाभराचा पाहुणा

धाकटा भाऊ महिनाभर बाहेरगावी निघाला आणि गॅरेजमधला पोपट ताईच्या गळ्यात मारून गेला. गॅरेजचा पोपट म्हणजे तोंडाळ असणारच, अशी ताईची खात्री. तिने लेकीला चोराघरच्या आणि साधूघरच्या पोपटांची गोष्ट सांगितली आणि पिंजरा तिच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी टांगला. चार चांगले शब्द त्याच्याही कानावर पडतील!

पोपट बुजून महिनाभर गप्पच राहिला.

भाऊ न्यायला आला तेव्हा ताई ऐटीत म्हणाली, "सुधारला हो तुझा पोपट! एक शिवी नाही."

"अगं ताई, त्याला शिव्या येतच नव्हत्या. गिऱ्हाइकाला 'या, बसा' एवढंच म्हणायचा. जे जोरात आणि सारखं ऐकतो, तेच उचलतो तो."

मालकाला पाहून पोपट खुलला. मान तिरकी करून थेट ताईच्या आवाजात खेकसला, "डोकं आहे का तुला? किती वेळा सांगायचं?"

भावाला हसू आवरेना. ताईही हसणारच होती.

 

तेवढ्यात आतल्या खोलीतून लेकीचा बारीक आवाज आला, "चुकले आई, परत नाही करणार."