कामवाटप

“शेषराव, तुह्याकडे कोठी. खुशाल, तू बाजार पाह्य बे. किडकं वांगं आलं तर तुलेच खाऊ घालीन.” वामनराव अंगणात उभे राहून मुलीच्या लग्नाची कामं वाटत होते. दोघं माना डोलावून पळाले. देवमन तसाच उभा राहिला.

“अन् मले काय काम हाय, सर?”

“तुमी फक्त अभ्यास करा,” वामनराव म्हणाले.

वामनराव अमरावतीच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवत. हे तिघं त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. सरांकडे डॉक्टर व्हायचं तर विषय आधी सरांच्या घरी पिकवावा लागतो, हे गावाला ठाऊक होतं. शेषरावचा विषय वित्त, म्हणून तो सरांचं विजेचं बिल भरी. खुशालरावचा विषय विपणन. तो इतवारा बाजारातून भाजी आणी आणि सरांच्या पत्नीची, गोदाबाईंची, बोलणी खाई. देवमनचा विषय कर्मचारी व्यवस्थापन. त्या न्यायानं घरचे गडी त्याच्याकडे यायला हवे होते. पण तीन वर्षांत त्याला कोणी काडी इकडची तिकडे करायला सांगितली नव्हती. वर बाकीच्या दोघांना सर ‘काय बे’ म्हणत, त्याला मात्र ‘तुमी’.

“लेका, तुहं नशीब जोरावर हाय,” शेषराव पिशव्या उचलता उचलता म्हणे. देवमनलाही तसंच वाटे. त्याच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा तो अकोल्यात मॅट्रिकला होता. आता अमरावतीचे प्राध्यापक त्याला ‘तुमी’ म्हणत होते. सुट्टीत घरी गेला की तो हे आईला, जाईबाईला, आवर्जून सांगे. ती जन्मभर अकोल्याच्या जीनमध्ये कापसातली सरकी काढायच्या रेच्यावर राबत आली होती. ती खोकत खोकत हसे.

देवमनचा प्रबंधही जीनमधल्या कामवाटपावरच होता. कोण रेच्यावर, कोण गाठी बांधायला, कोण पाणी पाजायला, हे त्यानं दोन हंगाम पाहून लिहिलं. चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष मोठा ठसठशीत होता: काम ज्याच्या त्याच्या कसबाप्रमाणे मिळते, म्हाताऱ्या बायांना पाणी पाजण्याचं हलकं काम देतात. वामनरावांनी ते प्रकरण दोनदा परत केलं होतं. “कोणाले काय काम सांगतात, हे मुकादमही सांगन,” ते म्हणत. “कोणाले काय काम सांगत नाहीत, हे ज्याले दिसलं तो डॉक्टर.” देवमननं हे वाक्य पाठ करून ठेवलं होतं. पाठ केलेल्या वाक्यांचं व्हायचं तेच त्याचंही झालं.

लग्नाच्या दिवशी मांडवात तिवशाच्या व्याह्यांची पंगत बसली. वरण तिखट झालं होतं. पाणी वाढणारा खुशालराव बर्फ आणायला गेला, तो तिकडचाच झाला. “पाणी! अरे, पाणी आणा कोणी!” ओरडा सुरू झाला. देवमन खांबाला टेकून फक्त अभ्यास करत होता. त्यानं रांजणाजवळचा पितळी जग उचलला, भरला आणि पंगतीकडे निघाला.

गोदाबाई लुगड्याचा ओचा सावरत धावत आल्या. “राहू द्या, राहू द्या! तुमी काहून करता? तुमी बसा.” त्यांनी जग काढून घेतला. आवाजात राग नव्हता, उलट मोठी अदब होती. मग त्या निंबाखाली गेल्या. पाणी ओतून दिलं. जग राखेनं आतून-बाहेरून घासला, विसळला, पुन्हा भरला आणि शेषरावच्या हाती दिला. तेवढा वेळ पंगत तहानलेली राहिली. कोणी तक्रार केली नाही.

देवमनला रडू आलं. पण लग्नघरात रडणं बरं दिसत नाही, म्हणून तो आपल्या खोलीवर गेला.

आठवड्यानं वामनरावांनी त्याला ओसरीवर बोलावलं. प्रबंध विद्यापीठात जायची मुदत संपत आली होती, आणि त्यांच्या सहीशिवाय तो जाणार नव्हता. त्यांनी फाउंटन पेन उघडलं. “हं. कुठी करू सही?”

देवमननं प्रबंध हळूच आपल्याकडे ओढला. “नोका करू, सर. चौथं प्रकरण चुकलं. पुन्हा लिहितो.”

“आता? एक वर्ष जाईन. काय चुकलं?”

“म्हाताऱ्या बायाईले पाणी पाजाले ठेवतात, असं लिहिलं म्या. माही माय म्हातारी झाली, खोकून खोकून अर्धी झाली, तरी रेच्यावरच बसते. तिले कोणी पाणी पाजाचं काम सांगतलं नाही. घरची गोष्ट हाय, सर, अन् मलेच दिसली नाही.”

वामनराव सवयीनं म्हणाले, “निष्कर्ष बदलाचा तर पुरावा लागते. नवीन कोणत्या जीनमधी पाह्यलं तुमी?”

“जीनमधी नाही, सर. तुमच्या मांडवात.”

वामनरावांनी पेनाला टोपण लावलं. ते निंबाकडे पाहत राहिले. सही गेली, असं देवमनला वाटलं. सही गेली, वर्ष गेलं, कदाचित डॉक्टरकीही गेली. पण बोललेलं परत घ्यावं, असं काही त्याला वाटलं नाही.

“लिही बे,” वामनराव मान खाली घालून म्हणाले. “जसं पाह्यलं तसं लिही. मी सही करतो.”

तीन वर्षांत पहिल्यांदाच सरांनी त्याला ‘बे’ म्हटलं होतं. मग वामनरावांनी, समोर देवमन असूनही, आत वळून पाणी मागितलं.

आतल्या खोलीतून पाणी घेऊन शेषराव आला. देवमननं तेही टिपून घेतलं.