सदतीस नंबर

हे लिहू का नको, यातच तनवीरचे चार दिवस गेले. आपली चूक आपणच कशाला लिहून ठेवायची? पण त्याच्या दोस्ताचं, अफरोजचं बोट कागदावर जिथं थांबलं होतं, ती जागा काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

बोट थांबलं होतं सदतीस नंबरवर.

कागद म्हणजे अफरोजच्या धाकट्या बहिणीच्या, फिजाच्या जहेजची, लग्नात तिला द्यायच्या सामानाची लिस्ट. त्यांच्या खानदानात ती चारचौघांत वाचतात, मग एक प्रत केळापूरला नवऱ्या मुलाकडं जाणार, एक घरी राहणार. अम्मी हुस्नाबी सांगत गेली अन् अफरोज मोबाइलवर लिहीत गेला. पलंग, लोखंडी कपाट, कूलर, शिलाई मशीन, तांब्याचा हंडा. मोजून छत्तीस वस्तू. लिहून झाल्यावर तो बोरी अरबच्या बाजारात तनवीरच्या टायपिंगच्या दुकानात आला. दोघं झेडपीच्या मराठी शाळेत एकाच बेंचवर होते, त्यामुळं आपसात वऱ्हाडीच बोलायचे.

तनवीरला कॉम्प्युटर कोणी शिकवला नव्हता. व्हिडिओ पाहून पाहून शिकला. आदल्याच दिवशी त्याला मॅक्रो जमला होता. म्हणजे आपण एकदा जे जे करू, ते कॉम्प्युटर ध्यानात ठेवतो. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एल दाबलं की तेच सगळं पुन्हा करतो. यादीला नंबर, डावीकडं जागा, ओळींमधलं अंतर, सगळं फटक्यात.

"पाह्य बे आता जादू," तनवीर म्हणाला. बटणं दाबली अन् लगेच प्रिंट सोडली. स्क्रीनकडं पाहिलंच नाही. दोस्ताचं तोंड पाहत बसला.

"तनवीर, वस्तू छत्तीस होत्या ना?"

"हो ना."

"मंग हे काय?"

३७. फिजा.

तनवीरची कानशिलं तापली. आदल्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरला तो हे शिकवत होता, तेव्हाच फिजा मार्कशीटची झेरॉक्स काढायला आली होती. रस्त्यानं कापसाचे ट्रॅक्टर चालले होते. कापूस हवेत उडत होता, अन् त्यातला एक पुंजका दुकानात येऊन तिच्या ओढणीवर बसला. तिला कळलं नाही. ती गेली, तरी तनवीर कुठंतरी तरंगतच राहिला. हात कीबोर्डवर होते. सरावाच्या यादीखाली ते नाव कधी उमटलं, त्यालाही कळलं नाही. मग त्यानं शिकवणं बंद केलं अन् स्वतःशीच हसत नाव पुसून टाकलं.

त्यानं पुसलं ते स्क्रीनवरून. कॉम्प्युटरनं ध्यानात ठेवलं होतं.

"अबे, माही बहीण सामान आहे काय?" अफरोजचा आवाज चढला. तनवीरनं तोंड उघडलं. खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं. पण अफरोज स्टुलावर बसला अन् तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. पलंग. कपाट. कूलर. खाली फिजाच्या नावापर्यंत गेला.

"महिना झाला," तो हळूच म्हणाला, "अम्मी साऱ्या गावाले विचारून राह्यली, पलंग सागाचा घ्याचा का लोखंडी. कूलर मोठा का लहान. अन् फिजाले कोनीच काही नाही विचारलं यार. मीबी नाही."

अफरोजनं कागद तनवीरपुढं धरला.

"मुद्दाम लिहिलं ना तू? मले तोंडावर सांगता नाही आलं म्हून?"

तनवीरला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना.

अफरोजनं कागदाची घडी करून खिशात घातली अन् उठला. "घरी जातो अन् आत्ताच विचारतो तिले, हे लगन कराचं आहे का नाही. हो म्हनली, तर दुसरी लिस्ट काढून देशीन?"

"देईन. बटणं नाही दाबत. एकेक नंबर हातानं टाकीन."

अफरोज पायरीवर थबकला. "अन् नाही म्हनली तर?"

"तर हे नाव तिथं कसं आलं, ते तुले खरंखरं सांगीन," तनवीर म्हणाला. "मंग माराचं असन तं मार. वादा."